बिलालला घर देणार का?

कात्रजला राहायला येण्याआधी आम्ही नवरा-बायकोनं अकरा फ्लॅट पाहिले. फोनवर आमचं मराठी ऐकून मालक खूश व्हायचे, "आजच या" म्हणायचे. नाव सांगितलं की घर "कालच गेलं" असायचं. पुण्यातल्या मुसलमान कुटुंबांत विचारून पाहा, अशी एखादी गोष्ट बहुतेक घरांत निघेल. त्यावर आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. आज मात्र ज्यावर आपण बोलत नाही, त्यावर लिहितोय.

गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका हाजीसाहेबांना फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. एक सुदानी विद्यार्थी आला. पाच वक्ताचा नमाजी, कॉलेजचं ओळखपत्र सोबत, डिपॉझिट द्यायला तयार. हाजीसाहेबांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मला म्हणाले, "हबशी आहे हो. सोसायटीतले लोक काय म्हणतील?" पंधरा वर्षांपूर्वी खुद्द त्यांना याच वाक्यानं परत पाठवलं गेलं होतं. मी तिथंच बसलो होतो आणि गप्प राहिलो. ती लाज अजून गेलेली नाही.

हजरत बिलाल कोण होते? हबशी. गुलामीतून सुटलेले, इस्लामचे पहिले मुअज्जिन. अरबाला गैरअरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हा प्रेषितांच्या अखेरच्या खुतब्यातला संदेश आपण प्रत्येक जलशात ऐकतो. मलिक अंबरही हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं खडकी वसवली, तिथं नहर आणली. इतिहासातले काळे लोक आपल्याला अभिमानाला हवेत, दारात आलेला नको. आणि मुलासाठी स्थळ बघताना पहिली अट काय असते? "मुलगी गोरी पाहिजे."

दुसरी गोष्ट जातीची. "इस्लाममध्ये जात नाही" हे खरं आहे. मुसलमानांत जात नाही, हे खोटं आहे. सय्यदाची मुलगी पिंजाऱ्याच्या घरी द्यायची म्हटलं की मोहल्ल्यात काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. २००६ च्या सच्चर अहवालात अशराफ, अजलाफ, अरजाल हे थर नोंदलेले आहेत. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित मुसलमान अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिला. पुढं शीख आणि बौद्ध दलितांना त्यात जागा मिळाली, मुसलमान आणि ख्रिश्चन दलितांना आजही नाही. सरकारला जाब विचारायलाच हवा. पण "आमच्यात जात नाहीच" असं आपणच सांगत फिरलो, तर त्याची बाजू मांडणार कोण?

तिसरी गोष्ट बाईची. २०१९ साली पुण्याच्याच एका दाम्पत्यानं स्त्रियांच्या मशीद प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुढच्याच वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्रात सांगितलं की, स्त्रीला मशिदीत नमाज पढायला इस्लामची मनाई नाही. मनाई नाही, तर आपल्या मशिदीत तिची जागा कुठं आहे? तिचा वजूखाना कुठं आहे? तोंडानं परवानगी द्यायची आणि जागा द्यायची नाही, ही जुनीच युक्ती. वारशाचंही तेच. शरीयतमध्ये हात घालू नका म्हणून मोर्च्यात पुढं असणारे भाऊ त्याच शरीयतनं बहिणीला दिलेला हिस्सा हक्कसोडपत्रावर सही घेऊन गिळतात. तेव्हा शरीयत धोक्यात येत नाही?

"बाहेर एवढा द्वेष चाललाय, अशा वेळी घरातलं चव्हाट्यावर कशाला आणता?" असं मला विचारलं जाईल. प्रश्न बेइमानीचा नाही, त्यामागं भीती आहे आणि ती खरी आहे. उत्तर मला कात्रजच्या तळ्यानंच दिलं.

पेशवाईत या तळ्यातलं पाणी जमिनीखालच्या नळातून पुणे शहरात नेलं. शहरात हौद भरले, पण सार्वजनिक हौदावर अस्पृश्यांना पाणी भरू देत नसत. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. आधी सगळं गाव सुधारू दे, मग बघू, असं ते म्हणाले नाहीत. जो हौद आपल्या हातात होता, तो आधी उघडला. त्यामुळं त्यांचा इतरांना जाब विचारण्याचा हक्क कमी झाला नाही, वाढला.

आपल्या हातात काय आहे? भाड्याचा फ्लॅट आहे. मुलीचा निकाह आहे. बहिणीचा हिस्सा आहे. मशिदीतली एक खोली आहे. यातल्या कशालाही न्यायालयाचा निकाल लागत नाही की सरकारचा जीआर लागत नाही.

तो सुदानी मुलगा पुढं कुठं राहिला, मला माहीत नाही. हाजीसाहेबांचा फ्लॅट या महिन्यात पुन्हा रिकामा झालाय. या वेळी मी गप्प बसणार नाही, एवढं त्यांना कळवून ठेवलंय.