एसी काढा, पण नीट काढा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवणाऱ्या माझ्यासारख्या मिस्त्रीकडे एक काम अलीकडे वरचेवर येतं. जुन्या गाडीचा एसी काढून टाकायचं. गाडी दहा-पंधरा वर्षांची असते. कॉम्प्रेसर जाम झालेला असतो, नाहीतर कूलिंग कॉइल गळत असते. दुरुस्तीचा आकडा ऐकला की मालक म्हणतात, "मिस्त्री, ते लटांबरच नको. सगळं काढून टाका. तेवढं पॉवर स्टिअरिंग राहू द्या म्हणजे झालं."

मागणी रास्त आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करून गाडी आणखी पाच वर्षं चालवायची, तर प्रत्येक जण खर्चाचा हिशेब करणारच. माझी तक्रार आहे ती हे काम ज्या पद्धतीनं होतं तिच्याबद्दल. पाना लावला, पाइप सोडला, फुस्सकन गॅस गेला, कॉम्प्रेसर भंगारात टाकला, एक आखूड पट्टा चढवला आणि गाडी मालकाच्या हवाली. खोलायला काय अक्कल लागते, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. मी म्हणतो, काढणं हे बसवण्याइतकंच कसबाचं काम आहे. ते घाईत उरकलं तर गाडीतल्या माणसांचा जीवही धोक्यात येतो आणि बाहेरची हवाही नासते.

मुळात काढायची गरज आहे का, हे आधी बघावं. "एसीचा लोड येतो, अ‍ॅव्हरेज पडतं" असं मालक सांगतात. एसी चालू असताना ते खरं आहे. पण नेहमीच्या कॉम्प्रेसरला पुढे चुंबकी क्लच असतो. बटण बंद केलं की पुढची चकती थांबते आणि पुली नुसती आपल्या बेअरिंगवर फिरत राहते. तिचा भार नगण्य असतो. मी पट्टा उतरवतो आणि मालकांना ती पुली हातानं फिरवायला लावतो. आवाज न करता गुळगुळीत फिरली, तर कॉम्प्रेसर जागेवर राहू द्यावा आणि फक्त क्लचची वायर सोडावी. पुली घरघरली किंवा बोटांना खरखर लागली, तर बेअरिंग गेलेलं आहे. ते आज ना उद्या पट्टा तोडणार. अनेक गाड्यांत अशा वेळी बेअरिंग बदलूनही भागतं, अख्खा एसी उतरवावा लागत नाही.

दुसरं असं की एसीचं काम नुसतं गारव्याचं नाही. तो हवा कोरडी करतो. जुलैमध्ये करूळ घाट उतरताना काचा बंद, बाहेर धो धो पाऊस, आत चार माणसांचा श्वास, अशा वेळी समोरची काच मिनिटभरात धुरकट होते. एसी असेल तर ती तितक्याच लवकर साफ होते. कोकणात वरचेवर जाणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो. दिवसभर गाडी चालवून पोट भरणाऱ्यांना तर दुरुस्तीच करून घ्या म्हणतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनमध्ये केंद्र सरकारनं एसी सक्तीचा केला आहे. उकाड्यानं थकलेल्या चालकाचं लक्ष उडतं हे सरकारलाही पटलं आहे. टॅक्सी आणि टेम्पोवाल्यांचं शरीर काही वेगळं नसतं.

एवढं ऐकूनही काढायचंच ठरलं, तर स्टिअरिंगचा विचार पहिला. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर असते. तिथे एसीचा आणि स्टिअरिंगचा पट्ट्यानं काही संबंध येत नाही. प्रश्न येतो तो जुनी सुमो, क्वालिस, बोलेरो, स्कॉर्पिओ अशा हायड्रॉलिक स्टिअरिंगवाल्या गाड्यांत. तिथे तेलाचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. काही इंजिनांत एसीचा पट्टा वेगळा असतो, मग काम सोपं. तो पट्टा उतरवला की स्टिअरिंगला धक्काही लागत नाही. पण पंप, अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर एकाच लांब पट्ट्यावर असतील, तर कॉम्प्रेसर काढल्यावर पट्ट्याची वाटच बदलते.

इथेच आखूड पट्ट्याचा जुगाड घात करतो. पट्ट्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. '६पीके१७५०' म्हणजे पोटाला सहा उभ्या रेघा आणि १७५० मिलिमीटर लांबी. दुकानदार त्यापेक्षा आखूड पट्टा देतो, तो बसतोही. पण कॉम्प्रेसरची पुली नसल्यामुळे तो पंपाच्या पुलीला पूर्वीइतका वेढा घालत नाही. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पंपावर सगळ्यात जास्त दाब येतो आणि कमी वेढ्याचा पट्टा किंचाळून घसरतो. मग मिस्त्री तो आणखी ताणतो, आणि जादा ताणानं पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग जातं. शेवटी पट्टा तुटतो. वळणावर तुटला तर स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड होतं. साध्या स्टिअरिंगच्या गाडीपेक्षाही ते जड लागतं, कारण त्याची दातेरी रचना मदत मिळणार हे धरूनच केलेली असते. काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. तिथे इंजिन तापून बसायलाही वेळ लागत नाही.

योग्य रीत अशी, की कॉम्प्रेसरच्या जागी, त्याच रेषेत आणि त्याच मापाची मोकळी पुली बसवायची. मग मूळ पट्टा, मूळ ताण आणि मूळ वेढा, तिन्ही कायम राहतात. पुली दोन मिलिमीटर जरी पुढेमागे झाली तरी पट्टा कडेनं उसवतो, म्हणून सरळ पट्टी लावून रेषा तपासायची. कंडेन्सर काढला तर रेडिएटरला हवा जास्त मिळते, पण त्याच्यासोबत पंखा काढून टाकायचा नाही. स्टिअरिंगच्या पाइपवर बऱ्याच गाड्यांत दाबाचा एक छोटा स्विच असतो. वळताना इंजिनाचा आयडल वाढवायचा संदेश तो देतो. एसीच्या वायरी तोडताना त्याची वायर तुटली, तर पार्किंगमध्ये गाडी बंद पडू लागते. काम झालं की इंजिन आयडलवर ठेवून, हेडलाइट लावून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. आवाज आला तर काम पुरं झालेलं नाही.

आता गॅसचं. साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जगभरच्या गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आला. आधीचा आर-१२ ओझोनचा थर खात होता म्हणून माँट्रियल करारानं तो बंद पाडला. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनाला सुमारे १,४०० पट जास्त तापवतो. एका गाडीत अर्ध्या किलोच्या आसपास गॅस असतो. ४५० ग्रॅम धरला तरी तो ६३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा झाला. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला एवढा धूर सोडायला चार हजार किलोमीटर पळावं लागतं. कोल्हापूर-मुंबई पाच वेळा जाऊन यावं इतकं अंतर एका फुस्समध्ये संपतं. शिवाय हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो. पाइप सोडताना अंगावर उडाला तर कातडी गोठून जाते. पोरं हातमोज्यांशिवाय हे काम करतात, ते बघवत नाही.

अमेरिकेत हा गॅस मुद्दाम हवेत सोडायला १९९५ पासून कायद्यानं बंदी आहे. तो ओढून घेणारं यंत्र तिथे रोजच्या वापरात आहे. यंत्र गॅस शोषतं, त्यातलं तेल वेगळं करतं, वजन दाखवतं आणि तोच गॅस दुसऱ्या गाडीत भरता येतो. भारतानं २०२१ मध्ये माँट्रियल कराराची किगाली दुरुस्ती मान्य केली आहे. त्यानुसार २०३२ पासून असे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचे आहेत. वापर आवळत गेला की गॅस महागणार. आज फुकट उडवलेला गॅस उद्या विकत घ्यावा लागणार, हे धंद्याच्या दृष्टीनंही समजून घ्यायला हवं.

प्रत्येक छोट्या गॅरेजला हे यंत्र परवडणार नाही, हे मी धंद्यात राहून जाणतो. म्हणून गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी दर औद्योगिक वसाहतीत एक सामाईक यंत्र ठेवावं आणि गाडीमागे माफक आकार घ्यावा. सरकारनं त्याला अनुदान द्यावं. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या पोरांकडून गॅस काढून घेण्याचं काम हातानं करून घ्यावं, नुसतं वहीत लिहून घेऊ नये. परिवहन विभागानं जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाच्या वेळी बॉनेट उघडून पट्ट्याची वाट बघावी.

आणि गाडीमालकांना माझं सांगणं आहे. चावी देण्याआधी मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. गॅस कशात काढून घेणार? कॉम्प्रेसरच्या जागी कुठली पुली आणि कुठल्या नंबरचा पट्टा बसवणार? स्टिअरिंग पूर्ण फिरवून मला दाखवणार का? सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या.