छायाचित्रकाराने उभे राहावे की बसावे?

छायाचित्र काढणारा मनुष्य चांगला उंच असावा, असा समज पुष्कळांच्या मनात घर करून बसलेला आढळतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा क्रीडासामन्यांच्या वेळी कॅमेरा कोणाच्या हाती द्यावयाचा असा प्रश्न निघाला, म्हणजे वर्गातील उंच मुलाकडे सर्वांच्या नजरा आपोआप वळतात. आणि चित्रकलेत ज्या मुलीचा हात सर्वांत चांगला, ती केवळ ठेंगणी म्हणून प्रकाशासाठी पांढरा पुठ्ठा धरण्याच्या कामावर नेमली जाते. हा समज चुकीचा आहे, एवढेच नव्हे तर त्यामुळे छायाचित्रेही बिघडतात, असे आमचे मत आहे.

प्रथम उंचीचा परिणाम कोठे होतो व कोठे होत नाही, हे पाहू. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर साडेपाच फुटांचा मनुष्य उभा राहिला काय आणि साडेचार फुटांचा राहिला काय, दरवाज्याला त्याची दखलही नसते. दोघांनीही कॅमेरा वर उचलून धरला की बुरूज मागे कलल्यासारखे दिसणार, आणि दोघांनीही मागे सरून कॅमेरा सरळ उभा धरला की ते पुन्हा सरळ होणार. दूरच्या व प्रचंड वस्तूंपुढे माणसामाणसांतील वीतभर अंतर नाहीसे होते. ते जाणवते ते जवळच्या वस्तूंच्या बाबतीत. आणि आपण ज्यांची छायाचित्रे सर्वांत जवळून काढतो ती आपली मुले असतात.

ज्या विद्यार्थ्यांना पायथागोरसचा सिद्धांत शिकवून झाला आहे, त्यांनी पुढील हिशेब वहीत अवश्य करून पाहावा. साडेतीन फूट उंचीचे एक मूल आपल्यापासून चार फुटांवर उभे आहे, आणि आपला कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर आहे, असे धरू. कॅमेऱ्यापासून मुलाच्या माथ्याचे अंतर सुमारे सव्वाचार फूट येईल, आणि त्याच्या पावलांचे सुमारे ६.४ फूट. म्हणजे पावले माथ्याच्या दीडपट दूर पडली. जे जवळ ते मोठे आणि जे दूर ते लहान, हा तर दृष्टीचा नियमच. तेव्हा चित्रात डोके मोठे, खांदे अरुंद आणि पाय निमुळते होत गेलेले असे एक विलक्षण बाळ उमटते. आता तोच कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसावे, म्हणजे तो दोन फुटांवर येईल. माथ्याचे अंतर तेवढेच राहते, पण पावलांचे साडेचार फुटांच्या आत येते. मूल पुन्हा मुलासारखे दिसू लागते. बसणे अशक्यच असेल, तर उभ्यानेच दहा फूट मागे जावे. तेथून हा फरक एकदशांशाइतकाच उरतो.

घरोघरी मुलांची जी शेकडो छायाचित्रे मोबाईल फोनवर काढली जातात, त्यांतील बहुतेक बाबांच्या किंवा काकांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेली असतात. चित्रात मूल मान वर करून पाहत असते, कपाळाला आठ्या पडलेल्या असतात, आणि मागे दिसते ती फक्त फरशी. त्या वेळी मुलासमोर काय होते, त्याच्या मागे अंगणात कोण खेळत होते, यांपैकी काहीच चित्रात येत नाही. चित्र मुलाचे म्हणावयाचे, पण त्यात खरी नोंद होते ती काढणाऱ्याच्या उंचीची.

या बाबतीत जुने कॅमेरे आपल्यापेक्षा बरे होते, असे आम्हांस वाटते. १९०० साली निघालेला कोडॅकचा ब्राउनी हा पेटीवजा कॅमेरा पोटाशी धरून वरून त्यात पाहावे लागे. १९२९ साली जर्मनीत निघालेल्या रोलायफ्लेक्सचीही रीत तीच. काचेवरचे चित्र पाहण्यासाठी मान खाली घालावी लागे. त्यामुळे भिंग आपोआप कंबरेच्या उंचीवर येई, आणि छायाचित्रकार समोरच्या माणसाला जणू नमस्कार करीतच आपले काम करी. उभ्या माणसाचे पूर्णाकृती चित्र घेण्यास कंबरेची उंची योग्य, आणि चेहऱ्याचे चित्र घेण्यास त्याच्या डोळ्यांची उंची योग्य, ही साधी गोष्ट त्या काळच्या हौशी माणसास यंत्रच अर्धीमुर्धी शिकवीत असे. आजचा फोन काही शिकवीत नाही. तो ज्याच्या हाती असेल त्याच्या उंचीला राहतो. मात्र तो उलटा धरला तर भिंग खालच्या बाजूस येऊन चार-पाच इंच उतरते, ही एक युक्ती आमच्या विद्यार्थिमित्रांच्या उपयोगी पडेल.

आता आमच्या म्हणण्यास आधार म्हणून एका जगप्रसिद्ध चित्राचा दाखला देतो. ते चित्र आपल्या पुणे शहरात निघाले, हे अनेकांना ठाऊकही नसते. अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात महात्मा गांधींचे चरख्याजवळ बसलेले छायाचित्र घेतले. या बाईंना उंचीचे भय असे ठाऊकच नव्हते. न्यूयॉर्क येथील क्राइसलर इमारतीच्या एकसष्टाव्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता, आणि इमारतीच्या बाहेर काढलेल्या धातूच्या गरुडमुखावर बसून त्या खालच्या शहराची चित्रे घेत. अशी बाई पुण्यास आली तेव्हा गांधींचे चिटणीस प्यारेलाल यांनी त्यांना अट घातली की, आधी सूत काततां आले पाहिजे, मग चित्र. बाईंनी कातण्याचा धडा घेतला. पुढे खोलीत अंधार, गांधींचे मौन, आणि वापरण्यास परवानगी फक्त तीन प्रकाश-बल्बांची. त्यांतले पहिले दोन वाया गेले आणि तिसऱ्याने काम केले, अशी हकीकत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे.

त्या चित्राकडे पुन्हा एकदा नीट पाहावे. पुढे चरखा मोठा दिसतो, त्याच्या मागे जमिनीवर मांडी घालून बसलेले गांधीजी हातातील कागद वाचीत आहेत. कॅमेरा त्यांच्यावर वाकलेला नाही. तो त्यांच्या बैठकीच्या उंचीवर उतरलेला आहे. हेच चित्र उभ्याने घेतले असते तर चरख्याचे चाक चपटे दिसले असते, गांधींचे मस्तक तेवढे दिसले असते आणि चेहरा झाकला गेला असता. कातण्याची अट पुष्कळांना विक्षिप्तपणाची वाटते. आमचा कयास असा की, चरख्याशी जमिनीवर बसल्यावाचून चरख्याची उंची कळत नाही, आणि ती कळल्यावर कॅमेरा कोठे ठेवावा हे निराळे सांगावे लागत नाही. हा आमचा कयासच आहे. पण चित्र त्याला बाध आणीत नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग सदैव खालूनच चित्र घ्यावे काय? मुळीच नाही. खालून घेतलेले चित्रही खोटे बोलू शकते. सामान्य उंचीच्या पुढाऱ्याला डोंगराएवढा दाखविण्यासाठी कॅमेरा त्याच्या पायाशी ठेवण्याची विद्या साऱ्या जगाला अवगत आहे. शिवाय रांगोळी वरूनच पाहावयाची असते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या दिवशी रस्त्यावरील गर्दीत जो घडवंचीवर किंवा ओट्यावर चढत नाही, त्याला पुढच्याच्या टोपीखेरीज काही मिळत नाही. पण त्याच गर्दीत, वारकरी स्त्रीच्या डोक्यावरील तुळशीवृंदावन आभाळाच्या पार्श्वभूमीवर हवे असेल, तर ओट्यावरून खाली उतरणे भाग आहे. चढणे आणि उतरणे ही दोन्ही ज्याला जमतात त्याची स्वतःची उंची किती, हे विचारण्याचे कारण उरत नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली पुण्यात जो स्टुडिओ थाटला, आणि जेथे १९६० पासून सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था चालते, तेथेही कॅमेऱ्याची उंची प्रसंगानुसार ठरविली जाते. कॅमेरामन उंच की ठेंगणा यावर ती अवलंबून ठेवीत नाहीत.

चित्रासाठी जो समोर बसतो त्याच्याशी कसे वागावे, हा भाग आम्हांस तंत्राहूनही अधिक महत्त्वाचा वाटतो. बसलेल्या माणसाच्या अगदी जवळ उंच मनुष्य उभा राहून हुकूम सोडू लागला, म्हणजे समोरचा आक्रसतो. मुलाचे खांदे वर जातात, मुलीची नजर खाली जाते. उंच छायाचित्रकाराने आधी स्टुलावर बसावे, दोन शब्द बोलावे, मग कॅमेरा उचलावा. ठेंगण्या छायाचित्रकाराची अडचण याच्या उलट: समोरची व्यक्ती उंच असली की हनुवटी व नाकपुड्याच अधिक दिसतात. अशा वेळी समोरच्यास ‘जरा वाका’ असे कधीही सांगू नये. वाकलेल्या माणसाचे खांदे पडतात आणि चित्रात ते लपत नाही. त्यास बसवावे, किंवा आपण पाटावर चढावे. आणि हनुवटी वर हवी असेल तर स्वतःची हनुवटी वर करून दाखवावी. समोरच्याच्या चेहऱ्यास हात लावून ती फिरवू नये, विशेषतः मुलींच्या बाबतीत. अनेक स्टुडिओंतून ही सवय अजून गेलेली नाही, आणि पालकांनी तेथल्या तेथे तिला हरकत घ्यावी असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

राहता राहिले शाळेचे वार्षिक समूहचित्र. पहिली रांग जाजमावर, मधली खुर्च्यांवर, तिसरी उभी, चौथी बाकांवर, अशी मांडणी असते. मागच्यांचे चेहरे दिसावे म्हणून येथे कॅमेरा थोडा उंच ठेवणे योग्यच आहे. पण त्यासोबत तो मागेही न्यावा, नाहीतर जाजमावरची मुले मोठ्या डोक्यांची दिसतात. आमची सूचना अशी की, मोठे समूहचित्र झाल्यावर पहिली व दुसरी इयत्ता यांचे एक स्वतंत्र चित्र घ्यावे. ते घेण्याचे काम वर्गातील सर्वांत ठेंगण्या, पण हात स्थिर असलेल्या मुलास किंवा मुलीस द्यावे, आणि पांढरा पुठ्ठा त्या दिवशी उंच मुलाने धरावा.