सिस्टीम नावाचा साहेब

पूर्वी सरकारी कचेरीत काम अडलं की साहेब जागेवर नसायचे. मीटिंगला गेलेले असत, दौऱ्यावर असत, नाहीतर ‘आत्ताच बाहेर पडले’ असत. आता साहेब जागेवर असतात, पण सिस्टीम घेत नाही. बँकेत, तहसीलमध्ये, कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर, विम्याच्या ऑफिसात, जिथे जाल तिथे हेच उत्तर. साहेब नाहीत म्हटल्यावर जो माणूस टेबलावर हात आपटून आवाज चढवायचा, तोच हे ऐकून मुकाट्याने कागद गोळा करतो आणि घरची वाट धरतो. साहेबांवर चिडता येतं, सिस्टीमवर चिडून करायचं काय?

मी प्रोग्रामर आहे. नातेवाइकांच्या हिशेबी याचा अर्थ प्रिंटर दुरुस्त करणारी. सासूबाईंच्या भिशीत माझी ओळख ‘हिला मोबाईलमधलं सगळं कळतं’ अशी करून दिली जाते आणि चहा येण्याआधी तीन फोन माझ्या मांडीवर येतात. प्रत्यक्षात माझं काम वेगळं आहे. अर्ज, नोंदी, पावत्या, हप्ते यांची सॉफ्टवेअर लिहिणं. म्हणजे खिडकीवर जे ‘घेत नाही’, ते न घ्यायला शिकवणाऱ्या जमातीतली मी एक. म्हणून छातीवर हात ठेवून सांगते, सिस्टीमला स्वतःचं मत नसतं. ती नाही म्हणते, कारण कोणीतरी हिंजवडीत किंवा बंगळुरूत बसून तिला ‘इथे नाही म्हण’ असं लिहून दिलेलं असतं.

एक उदाहरण घरचंच. एका विमा कंपनीचा अर्ज भरत होते. लग्नानंतर मी नाव बदललेलं नाही. ‘विवाहित’ या पर्यायावर टिचकी मारली आणि आडनावाचा रकाना करडा पडला. पतीच्या रकान्यातलं आडनाव उचलून सिस्टीमने ते माझ्या नावापुढे आपणहून चिकटवलं. खोडायची सोय नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, सिस्टीम ऑटोमॅटिक घेते.” मला मात्र सिस्टीम दिसत नव्हती, ती मीटिंग दिसत होती. कोणीतरी विचारलं असणार, लग्न झालेल्या बाईचं आडनाव काय धरायचं? कोणीतरी म्हणालं असणार, नवऱ्याचंच की, अजून कुणाचं. सगळ्यांनी मान डोलावली आणि चहाला गेले. परत येऊन एकाने चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींनी माझ्या माहेरचं नाव काढून घेतलं आणि त्याला नाव मिळालं ऑटोमॅटिक.

नावांच्या बाबतीत आमची जमात विशेष निर्धास्त असते. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्ही रकाने सक्तीचे. दक्षिणेकडच्या कित्येकांना आडनाव नसतं, ते बिचारे तिथे एक टिंब देतात किंवा वडिलांचं नाव दोनदा लिहितात. आपल्याकडे तर नियमच बदलला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. निर्णय उत्तम. पण तीन रकान्यांवर उभी असलेली असंख्य सॉफ्टवेअर या चार नावांचं काय करणार, हे ती मुलं दहावीचा अर्ज भरतील तेव्हा कळेल. आईला मधल्या नावात कोंबतील की पहिल्या नावाला चिकटवतील, हे ठरवणारा मुलगा आज कदाचित स्वतःच दहावीत असेल.

नावातला दुसरा घोळ स्पेलिंगचा. आमच्या शेजारी क्षीरसागर कुटुंब आहे. वडिलांच्या आडनावाची इंग्रजी सुरुवात ‘के’पासून, थोरल्याच्या आडनावात एक ‘ई’ जास्त, आणि धाकट्याला शाळेतल्या बाईंनी सरळ ‘एक्स’ बहाल केलेला. माणसाने पाहिलं तर तो म्हणेल, अहो, हे तिघं एकाच घरचे. प्रोग्राम दोन नावं अक्षराला अक्षर लावून बघतो. एक अक्षर हललं की त्याच्या लेखी माणूस दुसरा. तुलना थोडी सैल करता येते, त्याच्या पद्धती आमच्याकडे कित्येक वर्षांपासून आहेत. पण ती सैल करायची तर शेवटचा निर्णय माणसाकडे द्यावा लागतो, आणि तेच कुणाला नको असतं. मग क्षीरसागरांचा धाकटा स्टँपपेपरवर लिहून देतो की तो तोच आहे.

मागे एका कामात जुन्या सभासदांची यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची होती. टीममधला परप्रांतातला तरुण घाबराघुबरा आला. “डेटा करप्ट आहे. इतक्या सगळ्या लोकांचा जन्म 1 जूनचा कसा असेल?” त्याला म्हटलं, बस, चहा घे. त्या काळी खेड्यात जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. पोराला शाळेत आणलं की गुरुजी त्याला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग वर्ष मागे मोजायचं आणि तारीख टाकायची 1 जून. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू. गुरुजींना संगणक ठाऊक नव्हता, पण माहिती अपुरी असेल तेव्हा काय करायचं हे पक्कं ठाऊक होतं. पोराला वर्गात बसवायचं. आज तोच अर्ज ऑनलाइन असता तर जन्मतारखेचा रकाना लाल झाला असता आणि पोरगं फाटकाबाहेर राहिलं असतं.

माणसं चुकतात, विसरतात, घाईत असतात, हे धरून चालणारी व्यवस्थाही माणसंच घडवतात. त्यातली दोन माणसं मला फार आवडतात. पहिले श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 ला देशात सुरू झालेला सहा आकडी पिनकोड ही त्यांची देणगी. देशात एकाच नावाची गावं ढिगाने, आपल्याकडच्याच वडगावांची आणि पिंपळगावांची मोजदाद करून बघा. त्यात पत्ते नाना लिप्यांत आणि अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. वेलणकरांनी लोकांना सुवाच्य लिहायला शिकवायचा घाट घातला नाही. गावांना नावं बदला म्हणून सांगितलं नाही. लोकांनी जे लिहायचं ते लिहावं, शेवटी फक्त सहा आकडे द्यावेत. ‘मारुतीच्या देवळामागे, गुरव आळी’ हा पत्ता आजही चालतो, कारण त्याच्या खाली पिनकोड आहे.

दुसरे याकोबस व्हेरहॉफ. हॉलंडचे गणिती. माणसं आकडे लिहिताना नेमक्या कशा चुकतात हा त्यांचा विषय. एक आकडा बदलतो, शेजारचे दोन आकडे आपसांत जागा बदलतात, ऐकण्यात घोटाळा होतो. डच लोक आपल्यासारखेच एकं आधी बोलतात, पंचवीसमधला पाच जसा विसाच्या आधी येतो तसा. तिथल्या टपाल खात्यातल्या खऱ्याखुऱ्या चुका हाताशी घेऊन व्हेरहॉफांनी 1969 साली शेवटी जोडायच्या एका तपासनीस आकड्याची रीत बसवली. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, की हिशेब जुळत नाही. तुमच्या आधार क्रमांकाचा बारावा आकडा याच रीतीने येतो. 59 च्या जागी 95 टाकलात तर तो क्रमांक मुळी उभाच राहत नाही, भलत्याच माणसाच्या नावावर तुमची नोंद जात नाही. कोट्यवधी लोकांच्या खिशात हा डच माणूस बसलेला आहे आणि त्याने कधी कुणाला रांगेतून परत पाठवलेलं नाही.

तिसरी गोष्टही टपाल खात्याचीच, पण ब्रिटनमधली आणि उलट्या टोकाची. तिथल्या पोस्टाने 1999 च्या सुमारास होरायझन नावाची संगणकप्रणाली आणली. गावोगावी किराणा दुकानासोबत पोस्टाचा काउंटर चालवणारी साधी माणसं ती वापरू लागली. संध्याकाळी हिशेबात तूट दिसायची, पैसे तर कुणी घेतलेले नसायचे. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावच्या नावाने ओळखला जाणारा एक दोष बघा. रोकड आल्याची नोंद करताना पडदा गोठायचा, माणूस पुन्हा पुन्हा एंटर दाबायचा आणि सिस्टीम गुपचूप दर वेळी नवी नोंद करायची. त्या एका प्रकरणात 24 हजार पौंडांचा फरक पडला. पडदा गोठल्यावर पुन्हा एंटर न दाबणारा माणूस जगात जन्मायचाय. पण पोस्टाचं म्हणणं एकच, सिस्टीम बरोबर आहे, म्हणजे तुम्ही चोर. 2015 पर्यंत 900 हून अधिक लोकांवर गुन्हे शाबीत झाले, काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरंदारं गेली. सॉफ्टवेअरमध्ये दोष होते असं न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट म्हटलं आणि शिक्षा घाऊक रद्द करायला 2024 मध्ये संसदेला कायदा करावा लागला. इंग्लंडच्या न्यायालयांत संगणक नीट चालत होता असं गृहीत धरलं जात होतं. तो नीट चालत नव्हता हे दाखवायचं ओझं काउंटरवरच्या दुकानदारावर.

आपल्याकडे संगणकातली नोंद कोर्टात पुरावा म्हणून मांडायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, यंत्र व्यवस्थित चालू होतं असं कुणीतरी सहीनिशी सांगावं लागतं. खिडकीवर असली सही कुणी मागत नाही. तिथे शपथपत्र द्यायचं ते क्षीरसागरांच्या धाकट्याने.

आमच्या ऑफिसांत अशा चौकटीत न बसणाऱ्या माणसांसाठी एक गोड शब्द आहे: एज केस. ‘एज केस आहे, फेज टूमध्ये बघू.’ फेज टू कधी येत नाही. बजेट संपतं, टीम फुटते, मॅनेजर दुसऱ्या कंपनीत जातो. चाचणी घेताना आम्ही नावाच्या रकान्यात ‘टेस्ट टेस्ट’ लिहितो आणि मोबाईलच्या रकान्यात दहा नऊ. या टेस्ट टेस्टचं लग्न होत नाही, त्याच्या आईचं नाव कुणी विचारत नाही, त्याचा अंगठा झिजत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. हजारात एखादाच अडेल, असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की मी गुणाकार करते. एक लाख बारा हजार माणसं. एवढी माणसं तालुक्याच्या बाजाराला आली तर एसटी स्टँडपर्यंत रांग लागेल.

अंगठ्यावरून आठवलं. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आदिवासी पाड्यापासून सुरुवात झाली हे चांगलंच. पण कोयता, फावडं, विटा, भांडी यांत आयुष्य गेलेल्या हाताच्या रेषा यंत्राला नीट वाचता येत नाहीत, हे रेशन दुकानदाराला पहिल्याच महिन्यात कळतं. नियमांत डोळ्यांची बुबुळं, ओटीपी, चेहरा असे पर्याय आहेत. दुकानात मात्र म्हातारी पदराला अंगठा पुसून पुन्हा यंत्रावर दाबते. तिला वाटतं, आपलंच बोट खराब आहे. माझा राग आहे तो इथे. चूक यंत्राची आणि शरम माणसाला, ही वाटणी आम्ही बेमालूम करून ठेवली आहे.

आता तर सॉफ्टवेअर लिहायलाही यंत्र आलं आहे. परवा टीममधल्या मुलीने एआयकडून अर्जाचा फॉर्म करून घेतला. मिनिटभरात झाला, दिसायलाही देखणा. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही सक्तीचे. दुसरं काय येणार? ते शिकलं आमच्याचकडून. उद्या खिडकीवरचं उत्तर बदलेल, ‘एआय नाही म्हणतंय’ असं ऐकू येईल, आणि मग त्या मीटिंगमध्ये कोण बसलं होतं हे शोधायचीही सोय उरणार नाही, कारण मीटिंगच झालेली नसेल.

म्हणून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यांना एक सुचवते. पोर्टलचा रंग कोणता, मुख्य पानावर कोणाचा फोटो किती मोठा, यावर बैठका झडतात, झडू देत. टेंडरमध्ये फक्त एक कलम वाढवा. जिथे जिथे सिस्टीम नाही म्हणेल, तिथे तिला डावलून हो म्हणण्याचा अधिकार असलेला एक माणूस असेल, त्याचं नाव आणि हुद्दा पडद्यावर दिसेल, आणि तो हो का म्हणाला याची नोंद राहील. ‘याने भ्रष्टाचार वाढेल’ असं लगेच म्हटलं जाईल. नोंद राहते, तपासता येते, हे त्यावर उत्तर. शिवाय गेल्या महिन्यात किती जणांना डावलून हो म्हणावं लागलं, ती यादी आम्हा प्रोग्रामरांकडे पाठवा. फेज टू कशाला म्हणतात ते आम्हाला त्यातून कळेल. आणि या कलमाचे पैसे वेगळे पडतील असं आमच्यापैकी कुणी म्हणालं, तर खुशाल घासाघीस करा. लिहायला फार तर दोन दिवसांचं काम आहे, हे मी छापून देते आहे.