दरडोई म्हणजे कुणाची डोई?

सध्या जो उठतो तो आकडा फेकतो. अमुक देशाचं दरडोई उत्पन्न इतकं, आपलं इतकं, ह्याला मागं टाकलं, त्याला गाठतोय. जुन्नरात एका सभेत एका विद्वानानं पुणे जिल्ह्याचा आकडा सांगून विचारलं, "आता तुम्हाला सवलती कशाला?" टाळ्या पडल्या. आपलीही दोन-चार पोरं टाळ्या वाजवत होती, म्हणून हे लिहितोय.

हा आकडा काढायची रीत सोपी. वर्षभरात देशानं जे पिकवलं, बनवलं, त्याची किंमत करायची आणि डोक्यांच्या संख्येनं भागायची. भागाकार झाला, वाटणी झाली नाही. अमेरिकेचा आकडा ऐंशी हजार डॉलरच्या वर, आपला अडीच हजाराच्या आसपास. इथली स्वस्ताई धरली तर आपला चौपट होतो. होऊ दे. कुणाच्या घरात, हे दोन्ही आकडे सांगत नाहीत.

सायमन कुझ्नेट्सनं १९३४ साली अमेरिकेच्या काँग्रेसला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला, त्यातच बजावलं की ह्यावरून लोकांचं भलं मोजू नका. जगानं आकडा उचलला, इशारा टाकून दिला. आपल्याकडं दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात माणशी वीस रुपये हा हिशेब काढला आणि तुरुंगातल्या कैद्याच्या खर्चाशी ताडून इंग्रज सरकारच्या तोंडावर मारला. तेव्हा आकडा जाब विचारत होता. आज तोच आपल्याला गप्प बसवायला वापरतात. आणि बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात दिलेल्या प्रबंधाचं नावच 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया'. तेव्हा असल्या विद्वानांपुढं आपण मान खाली घालायचं कारण नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांत या. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, सगळी इथंच. पाणी जातं श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. तिथला ऊस उत्पन्नात जमा होतो. ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते जुनं आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, ते कुठल्या रकान्यात वजा केलं? डोंगरातली बाई डोक्यावर पाणी आणते, त्याची किंमत शून्य. तिनं वेचलेला हिरडा व्यापाऱ्याच्या काट्यावर चढला की मग तो राष्ट्रीय उत्पन्न.

३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गाडलं. दीडशेवर माणसं गेली, बहुतेक आदिवासी. पुढं नवं माळीण बांधलं, त्या बांधकामाची किंमत उत्पन्नात जमा. मेलेली माणसं वजा झाली ती फक्त छेदातून. भागायला डोकी कमी, म्हणजे सरासरी वर! च्यायला, असलं हे गणित.

राज्याच्या आर्थिक पाहणीतला दरडोई आकडा जिल्ह्यापाशी थांबतो. हिंजवडीची संगणकाची कंपनी, चाकणचा मोटारींचा कारखाना आणि नारायणगावकडं द्राक्षाच्या बागेत रोजानं जाणारी माझी चुलती, सगळी एकाच भागाकारात. तिथं जातीचा रकाना नाही.

आता त्या विद्वानाला उत्तर. २०२३-२४ साली महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न सरकारनं २,७८,६८१ रुपये सांगितलं. पाच माणसांच्या घराला हे जवळजवळ चौदा लाख होतात. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला केंद्राच्या २०२१ च्या नियमांत आईबापाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आईबाप दोघं मिळून! सरकारच्याच एका सरासरी डोईपेक्षा कमी. तरी तहसील कचेरीत दाखल्यासाठी आपल्या पोरांची रांग लागते. मग ते चौदा लाख कुणाच्या माळ्यावर आहेत? शिष्यवृत्ती बंद करा म्हणणाऱ्यानं आधी ते दाखवावेत. १९४९ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी घटना समितीत हाच धोका सांगितला होता: मतपेटीत समता आणि पोटापाण्यात विषमता.

नुसतं ओरडून भागणार नाही. प्रत्येकानं आपली वस्ती धरा. किती घरांच्या नावावर सातबारा आहे, वर्षाला किती दिवस काम मिळतं, गड्याला रोज किती आणि बाईला किती, उसनवारी किती, बारावीनंतर कुणाची पोर घरी बसली. सरासरी काढू नका, घराघराचं वेगळं लिहा. नावं नकोत. पुढच्या अंकासाठी पाठवा. जागा कमी पडली तर माझं लिखाण कापा.