दातांच्या तारा आणि मनाचा घोर

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. माणसे प्राणाला मुकत असता वाकड्या दातांची चिंता कोणी करावी, असे त्या वेळी वाटणे साहजिक होते. तथापि दातांना तारा लावलेल्या हजारो मुलामुलींचा त्या काळातील अनुभव आपल्या आरोग्यव्यवस्थेतील एका जुन्या उणिवेवर बोट ठेवतो.

हा उपचार दीड-दोन वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक चालतो. तारेच्या मंद दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूस नवे भरते आणि दात सरकतो. दर चार-सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी तार तपासावी, हा त्याचा क्रम. नेमका तोच मोडला. यंत्राने उडणारे लाळेचे तुषार धोक्याचे, म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२० मध्ये दातांचे नित्याचे उपचार पुढे ढकलण्यास सांगितले, आणि ते योग्यच होते.

कोल्हापूरच्या वाट्याला ही अडचण पुन्हा आली. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर ठरविले तेव्हा हा जिल्हा चौथ्या स्तरात होता. जुलैत महापुराने महामार्गच बंद पाडला. निपाणीकडील माणसाचा बाजार आणि दवाखाना पुष्कळदा कोल्हापूरचा; पण मध्ये कोगनोळीचा तपासणी नाका उभा!

मग रुग्णाला भय कशाचे वाटले? ब्राझीलमध्ये २०२० साली झालेल्या एका पाहणीत उपचार लांबण्याची चिंता सर्वांत मोठी आढळली. हप्त्याहप्त्याने पैसे भरणाऱ्या आपल्या कारकुनाला हे वेगळे सांगावयास नको. वस्तुतः काही आठवडे तपासणी हुकल्याने बहुधा मोठे नुकसान होत नाही. तारेचे टोक गालास टोचू लागल्यास त्यावर मेणाची गोळी दाबावी, तार तुटल्यास स्वतः ओढाताण न करता डॉक्टरांना दूरध्वनी करावा, एवढे ठाऊक असले तरी निम्मा घोर उतरतो. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या बातम्या आल्या आणि वरच्या जबड्याचे दात हलणे हे तिचे एक लक्षण असल्याचे घरोघरी कळले. तारा लावल्यावर दात थोडा हलतोच, हे ज्याला कोणी सांगितले नव्हते त्याची झोप उडाली असल्यास नवल काय?

खरा धोका निराळाच होता. तारेच्या अडणीत अन्न साचते, दातांवर पांढरे डाग उमटतात, हिरड्या सुजतात. त्यात हा उसाचा आणि गुळाचा मुलूख. शाळा बंद, मुले दिवसभर घरात आणि तोंड सतत चालू. (आणि घरातली वडीलधारी मंडळी मिश्री लावून मुलांना दातांचे धडे देणार!) हात कसे धुवावेत हे सरकारने दूरध्वनीच्या घंटीतूनही शिकविले. दात कसे घासावेत, हे मात्र त्या दोन वर्षांत कोणी सांगितले नाही. मुखपट्टीआड दात दिसत नव्हते, तेव्हा घाईही कोणास नव्हती.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून कागदोपत्री आहे. त्याला कोल्हापुरात हातपाय फुटावयाचे असतील तर न्यू पारगावच्या दंत महाविद्यालयातील विद्यार्थी तालुक्यातालुक्यांच्या शाळांत जावेत. आणि तारा लावतानाच, पहिला हप्ता घेण्याआधी, डॉक्टरांनी रुग्णाच्या हाती मराठीत छापलेला एक कागद द्यावा: काय झाले तर धावत यावे, काय झाले तर थांबावे आणि दवाखाना बंद असता कोणत्या क्रमांकावर विचारावे.