दुभाष्याविना छपाई

जून उजाडला की आपल्या दुकानांत घरगुती प्रिंटरची चौकशी वाढते. शाळेचे प्रकल्प, वर्कशीट, प्रवेशाचे अर्ज. एकेका पानासाठी झेरॉक्सच्या दुकानात हेलपाटे घालायला कोणाला सवड नसते. अलीकडे या चौकशीला एक शेपूट जोडलेले असते: ‘आमच्याकडे उबुंटू आहे, त्यावर चालेल ना?’ विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि विंडोज 11 ज्यांवर चढत नाही अशा लॅपटॉपांवर आपल्यापैकीच अनेकांनी लिनक्स बसवून दिले. तेव्हा हा प्रश्न आता आपल्या दारी येणारच.

त्यावर आपले ठरलेले उत्तर म्हणजे कंपनीचे नाव. एचपी घ्या, चालतो. नाहीतर ब्रदर घ्या, त्यांच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर मिळतो. हे उत्तर एके काळी बरे होते. आज ते ग्राहकाला खड्ड्यात घालू शकते, कारण एकाच कंपनीचे, जवळपास एकाच किमतीचे दोन प्रिंटर लिनक्ससमोर अगदी निराळे वागतात. म्हणून या अंकात एकच आग्रह धरतो: लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, हे विचारणे सोडा. ज्याला ड्रायव्हर लागतच नाही तोच प्रिंटर सुचवा.

आपल्याला ही सवय का नाही, ते आधी पाहू. तालुक्याच्या गावी एखाद्या पतसंस्थेत, सेवा केंद्रात किंवा वकिलाच्या टेबलावर पाहा. कॅननचा एलबीपी 2900 किंवा एचपीचा लेझरजेट 1020 वर्षानुवर्षे तिथे बसलेला दिसेल. कारण उघड आहे. एचपीचे 12ए आणि कॅननचे 303 ही कार्ट्रिज जवळजवळ एकच. कंपॅटिबल टोनरच्या खोक्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. टोनर कोपऱ्यावर मिळते, रिफिल करून मिळते, ड्रम आणि ब्लेड बदलून मिळतात. पानामागचा खर्च इतका कमी आणि सुटे भाग इतके सहज असताना कोण दुसरे काही सुचवणार?

मात्र हे दोन्ही प्रिंटर स्वतः फारसे काही करत नाहीत. किंमत खाली ठेवण्यासाठी पान आखण्याचे काम संगणकावर ढकललेले आहे. कुठे काळा ठिपका पडायचा याचा हिशेब संगणकाने करायचा आणि कंपनीच्या खास बोलीत तो प्रिंटरला कळवायचा. कॅननची ती बोली म्हणजे कॅप्ट. तिचा लिनक्स ड्रायव्हर कॅननने दिला खरा, पण त्यातले काही भाग 32 बिटचे, सोबत मागे सतत चालणारी एक वेगळी सेवा. लिनक्स वितरणाची आवृत्ती बदलली की काहीतरी निसटते. रास्पबेरी पायवर तर तो चालत नाही. उलट-अभियांत्रिकी करून काही जणांनी मुक्त ड्रायव्हर लिहिला आहे; कौतुक जरूर करावे, पण ग्राहकाला हमी देण्याइतका तो पक्का नाही.

1020 ची तऱ्हा आणखी न्यारी. वीज गेली की तो आपले फर्मवेअर विसरतो; दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते त्याला पुन्हा भरवावे लागते. एचपीच्या एचपीएलआयपी या मुक्त प्रकल्पातून हे काम होते, पण त्यासाठी एक बंदिस्त प्लगइन वेगळे उतरवावे लागते, आणि त्याची आवृत्ती एचपीएलआयपीच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. रात्री सिस्टिम अपडेट झाली, प्लगइन जुनेच राहिले, की सकाळी दिवा हिरवा आणि कागद जागचा हलत नाही. ‘काल तर चालत होता’ म्हणणारा ग्राहक खोटे बोलत नसतो.

ड्रायव्हर म्हणजे कंपनीने पाठवलेला दुभाष्या. मॉडेल बाजारातून उठले की कंपनीला त्याचा पगार चालू ठेवण्यात रस उरत नाही. खोक्यावर ‘लिनक्स सपोर्टेड’ लिहिलेले असते, पण कोणत्या वितरणावर, कोणत्या प्रोसेसरवर आणि किती वर्षे, हे लिहिलेले नसते. प्रिंटर दहा वर्षे टिकतो. दुभाष्या तितका टिकेल याची खात्री कोणी देत नाही.

ही कोंडी फुटली ती लिनक्समुळे नव्हे, फोनमुळे. छपाईचा डोलारा लिनक्सवर ज्याच्या खांद्यावर आहे त्या कप्सचे काम मायकेल स्वीट यांनी 1997 मध्ये सुरू केले. ॲपलने 2002 मध्ये ते मॅकमध्ये घेतले आणि 2007 मध्ये त्याचे हक्कच विकत घेतले. पुढे आयफोनवरून छापायची वेळ आली तेव्हा पेच पडला: फोनवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर कोण टाकणार? 2010 च्या एअरप्रिंटने तो पेच सोडवला. फोन फक्त इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, बोलेल. त्यात उत्तर देणे ही प्रिंटरची जबाबदारी. 2013 मध्ये प्रिंटर वर्किंग ग्रुपने त्याच धर्तीवर आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुले मानक आणले, आणि त्याच वर्षी अँड्रॉइडसह सर्वांसाठी मोप्रिया ही उत्पादकांची आघाडी उभी राहिली. लिनक्सच्या मूठभर ग्राहकांसाठी कोणत्याही कंपनीने एवढा खटाटोप केला नसता. फोनचा ग्राहक मात्र कोणालाच गमावायचा नव्हता.

यात घडते ते सोपे आहे. संगणक प्रिंटरला विचारतो: तुझ्यात कोणते कागद बसतात, दोन्ही बाजूंनी छापतोस का, रंग आहेत का, कोणत्या स्वरूपातली फाइल घेतोस? प्रिंटर यादी देतो. मग कप्स त्याला पीडीएफ किंवा ठरावीक रास्टर स्वरूपातले पान पाठवते. मॉडेलचे नाव, पीपीडी म्हणजे प्रिंटरच्या वर्णनाची फाइल, प्लगइन, यांतले काही लागत नाही. हीच सोय यूएसबीच्या तारेवरूनही मिळावी म्हणून आयपीपी-यूएसबी ही छोटी सेवा आली. ऑगस्ट 2021 च्या डेबियन 11 पासून ती सोबत येते. कप्सच्या 3 या पिढीत पीपीडी आणि जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरांना जागा नाही, हे धोरण जाहीर आहे. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर 2023 मध्ये तिसऱ्या पक्षाच्या प्रिंटर ड्रायव्हरांना टप्प्याटप्प्याने निरोप देण्याची घोषणा केली, आणि विंडोज 11 च्या नव्या संरक्षित छपाई पद्धतीत मोप्रिया प्रमाणित प्रिंटरच चालतात. म्हणजे घरात एक लॅपटॉप लिनक्सचा, एक विंडोजचा आणि चार फोन असले तरी मागणी एकच आहे.

आता दुकानातल्या कामाकडे. पेनड्राइव्हवर डेबियन किंवा उबुंटूची लाइव्ह प्रत नेहमी खिशात असू द्या. डेमोचा प्रिंटर यूएसबीने जोडा आणि एलएसयूएसबी ही आज्ञा सविस्तर पर्यायासह चालवा. इंटरफेसच्या वर्णनात वर्ग 7, उपवर्ग 1 आणि त्यापुढे प्रोटोकॉल दिसतो. तिथे कुठेतरी 4 असेल तर तारेवरून आयपीपी बोलण्याची सोय प्रिंटरात आहे. केवळ 1 किंवा 2 असेल तर तो जुन्याच पद्धतीचा. यूएसबीवर त्याला ड्रायव्हर लागणारच. स्वस्तातल्या, फक्त यूएसबी असलेल्या मॉडेलांत बहुधा हेच दिसते. त्यानंतर एलपीस्टॅट -ई चालवा. तुम्ही काहीही न टाकता प्रिंटरचे नाव यादीत आले, तर पुढे जा. दोन पानांची पीडीएफ दोन्ही बाजूंनी छापा. यादीत नाव येणे आणि कागद बाहेर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेनड्राइव्ह जवळ नसेल तर फोन पुरतो. प्रिंटर आणि फोन एकाच राउटरवर घ्या आणि कंपनीचे कोणतेही ॲप न टाकता छापून पाहा. आयफोनवरून असे पान निघाले तर लिनक्सवर निघायला सहसा अडचण येत नाही. ‘आधी आमचे ॲप उतरवा, खाते उघडा’ असे विक्रेता म्हणू लागला तर तिथेच सावध व्हा. एचपीने 2020 मध्ये आणलेल्या एचपी प्लस योजनेत प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला ठेवणे आणि मूळ कार्ट्रिजच वापरणे ही अट होती. रिफिलवर जगणाऱ्या आपल्या बाजारात अशा मशिनची शिफारस करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

ऑल-इन-वन असेल तर स्कॅनर वेगळा तपासा. छपाई बिनचूक होते आणि स्कॅनर दिसतच नाही, असे प्रसंग कमी नाहीत. ईएससीएल या पद्धतीने स्कॅन देणारे प्रिंटर लिनक्सवर सेन-एअरस्कॅनमधून आपोआप दिसतात. डॉक्युमेंट स्कॅनर हे ॲप उघडून एक पान काचेवरून आणि एक फीडरमधून घ्या. घरी बसवताना त्रास देणाऱ्या गोष्टी बहुतेक राउटरमध्ये असतात. अनेक घरगुती प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. गेस्ट नेटवर्कवर किंवा उपकरणे एकमेकांपासून वेगळी ठेवणाऱ्या सेटिंगमुळे ते लॅपटॉपला सापडत नाहीत. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा करून द्या. आणि 631 हा पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. सप्टेंबर 2024 मध्ये कप्सच्या ब्राउझिंग सेवेतल्या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा त्याचे महत्त्व सर्वांनाच कळले.

मराठी छपाईची भीती ग्राहकाच्या मनात असते, ती काढून टाका. लिबरऑफिस किंवा ब्राउझरमधून जाणाऱ्या पानात जोडाक्षरे आधीच बांधलेली असतात, प्रिंटरला देवनागरी यावी लागत नाही. घोटाळा होतो तो साधी मजकुराची फाइल थेट छपाईला सोडली तर. मग क्ष आणि त्र सुटे होऊ शकतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाऊन बसते. अशी फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून छापावी, एवढे सांगितले की पुरे.

लेझर की इंक टँक, हे भाषेपेक्षा घराच्या सवयीवर ठरवा. महिन्यातून चार पाने छापणाऱ्या घरात शाई हेडमध्ये सुकते. तिथे काळा-पांढरा लेझर बरा, टोनरची पूड सुकत नाही. मुलांच्या रंगीत प्रकल्पांसाठी इंक टँक घ्यायचा असेल तर आठवड्याला एक रंगीत पान काढण्याची सवय लावायला सांगा. हेड क्लीनिंग, नोझल चेक प्रिंटरच्या पॅनेलवरून किंवा त्याच्या स्वतःच्या वेबपानावरून करता आले पाहिजे. कंपनीची ती साधने बहुधा विंडोजपुरतीच असतात. वाया गेलेली शाई शोषणारे पॅड भरल्यावर काउंटर रीसेट करायचे सॉफ्टवेअरही बहुधा तसेच, हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.

याला दोन रास्त आक्षेप आहेत. वायफाय असलेले मॉडेल महाग पडते, हा पहिला. खरे आहे. पण ड्रायव्हर बिघडला म्हणून होणाऱ्या एका-दोन भेटींचे पैसे ग्राहक कधी देतो, कधी देत नाही. देत नाही तेव्हा तो खर्च आपल्याच खिशातून जातो. दुसरा आक्षेप: चालू असलेले 2900 आणि 1020 भंगारात काढायचे का? मुळीच नाही. इंटेलच्या एखाद्या जुन्या पीसीवर डेबियन टाकून, ड्रायव्हरची कटकट त्या एका ठिकाणी मिटवून, कप्समधून प्रिंटर शेअर करा. घरातल्या इतर उपकरणांना तो विनाड्रायव्हर प्रिंटरसारखा दिसू शकतो. ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाची प्रिंटर ॲप्लिकेशन्सही जुन्या मशिनना नवी भाषा बोलायला लावण्यासाठीच आहेत. टोनर स्वस्त आहे तोवर ते मशिन राबू द्या. फक्त नव्याने विकत घ्यायला सांगू नका.

आपण बाजाराचे लहान व्यापारी असलो तरी घराघरांतली खरेदी आपल्या शब्दावर होते. वितरकाला मॉडेलची यादी मागताना एअरप्रिंट, मोप्रिया आणि आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी काय काय आहे, असा स्तंभ मागा. तो न देणाऱ्याला पुन्हा विचारा. शाळांच्या प्रयोगशाळांसाठी निविदा लिहिणाऱ्या ओळखीच्या अधिकाऱ्याला ‘लिनक्स ड्रायव्हर उपलब्ध’ ही मोघम अट काढून ‘विनाड्रायव्हर छपाई व स्कॅन’ अशी नेमकी अट घालायला सुचवा. आणि आपल्या स्वतःच्या कोटेशनवर मॉडेलच्या नावाखाली एक ओळ वाढवा: ‘लिनक्सवर विनाड्रायव्हर छपाई आणि स्कॅन तपासून दिले.’ ही ओळ सहीसकट लिहायची असेल तर विक्रीआधी पेनड्राइव्ह लावून पाहावाच लागेल, आणि ग्राहकाला आपल्याकडून हवे आहे ते नेमके एवढेच.