वितरिकेवरील पाणीमापीबाबत निवेदन

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाटबंधारे विभाग.

विषय: वितरिकेची मापी दुरुस्त करून, प्रत्यक्ष वेग मोजूनच पाणीपट्टी आकारण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये आमच्या पाणी वापर संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने मिळते. जेवढे पाणी तेवढी पट्टी, हे तत्त्व आम्हाला मनापासून मान्य आहे. पण सगळा हिशेब वितरिकेच्या मुखाशी असलेल्या एका मोजपट्टीवर चालतो आणि ती पट्टीच आज चुकीचे दाखवते.

तिथे स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम आहे. अरुंद गळ्यातून पाणी वेगाने सुटून पुढे लाट उठली, तरच वरच्या अंगाच्या उंचीवरून विसर्ग काढता येतो. गेल्या रब्बीत ती लाट उठलीच नाही. खाली गाळ साचून पाणकणीस माजले आहे. पाणी तुंबते आणि मापी बुडून चालते. अशा वेळी पट्टीवर उंची जास्त दिसते, वाहते मात्र कमी. विसर्ग उंचीच्या दीड घाताने बदलतो. खरी उंची 40 सेंमी असताना 44 वाचली गेली, तर सुमारे 15 टक्के पाणी जादा नोंदले जाते. एक क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे 2,447 घनमीटर, हे लक्षात घेतले तर ही तफावत किरकोळ नाही. कोट्यातून पाणी वजा झाले, आणि टेलच्या गव्हाला शेवटची पाळी मिळाली नाही.

तरी येत्या आवर्तनापूर्वी मापीखालचा गाळ व पाणकणीस काढावे आणि पट्टीचा शून्य फ्ल्यूमच्या उंबऱ्याशी जुळवावा. आवर्तन सुरू असताना संस्थेच्या प्रतिनिधीसमक्ष करंट मीटरने मोजणी व्हावी: काटछेदाचे भाग पाडून, प्रत्येक भागात पृष्ठभागापासून 0.6 खोलीवर वेग घ्यावा. नुसता तरंगता ओंडका सोडून काढलेला वेग आम्ही स्वीकारणार नाही. पृष्ठभागावरचे पाणी सरासरीहून जलद धावते. करंट मीटरही तपासलेले असावे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात ही सोय आहे.

रोजच्या वाचनावर कालवा निरीक्षक आणि संस्था, दोघांच्या सह्या असाव्यात. गेल्या रब्बीची आकारणी फेरतपासून मिळावी, आणि मापी दुरुस्त होईपर्यंत संयुक्त मोजणीच्या आकड्यांवरच बिल काढावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व संचालक मंडळ,
पाणी वापर संस्था